दुसरा बोल्ट

३ फेब्रुवारी

ती. मामा,

“क्लच म्हणजे काही पाय टेकायचा पाट नव्हे.”

हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी सोळा वर्षांची होते. एवढं म्हणून तुम्ही माझ्या डाव्या बुटाची नाडी सोडलीत आणि ती गाडीच्या दाराच्या कडीला बांधलीत. पेडलवर पाय ठेवून बसायची माझी खोड मोडावी म्हणून. गिअर टाकायची वेळ आली तेव्हा बूट दाराशीच राहिला आणि मी नुसत्या मोज्याने क्लच दाबला. बाबा मागच्या सीटवर हसून हसून आडवे झाले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “पाय सुटला, खोड नाही सुटली.”

तीस वर्षांनी ते वाक्य आठवायचं कारण म्हणजे बाबांची तीच गाडी कुरकुरायला लागली आहे. क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी आवाज करतंय. मी ती इथल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेची केबिन, मऊ खुर्ची, हातात गार पाण्याचा ग्लास, आणि मालकाचा पहिला प्रश्न : “बरोबर कोणी आलं नाही का, ताई?” मी म्हटलं, “गाडी आलीय की.” त्याला विनोद कळला नाही. त्याने तुम्ही पांढरा ठिपका लावलेला तेलाचा बोल्ट उघडला, बोट घातलं आणि म्हणाला, “तेल फुल आहे. म्हणजे आतलं सगळं गेलं. गिअरबॉक्सचा खेळ खल्लास. या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारवाल्याला बोलवा.” इंजिन चालूसुद्धा केलं नाही हो त्याने.

भंगार म्हणून सोडून देता आली असती तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण १६ मार्चला आमच्या प्रयोगशाळेच्या कामाला लावलेल्या गाड्यांची तपासणी आहे, आणि आपली गाडीही त्यात आहे. एकोणीस वर्षं मी डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला आणते आहे. त्यातल्या वरच्या सात झऱ्यांपर्यंत चारही चाकांना जोर असल्याशिवाय पोचता येत नाही. गाडी नापास झाली तर मला खालच्या डांबरी रस्त्यांसाठी छोटी गाडी मिळणार आणि ते सात झरे यादीतून कटाप. मी साहेबांना विचारलं, “मग तिथल्या लोकांनी न तपासलेलं पाणी प्यायचं?” ते म्हणाले, “राहतात किती लोक वर?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “एवढेच?”

मामा, ते ‘एवढेच’ मला अजून पचलेलं नाही. मी ही गाडी भंगारात घालणार नाही. वर जायचं सोडणार नाही. कशी, ते तुम्ही सांगा.

फोन केला की मामी उचलते आणि तुम्ही नेहमी ‘आत्ताच बाहेर गेले’ असता. एवढं बाहेर कुठे जाता? तीन वर्षं झाली, इकडे फिरकला नाहीत. मागच्या खेपेला मी म्हटलं होतं, “आता या वयात गाडीखाली झोपत जाऊ नका.” त्याचा राग आला असेल तर कान पकडते. गाडीचा आवाज रेकॉर्ड करून मामीच्या मोबाइलवर पाठवू का?

तुमची,
बारा-तेरा


९ फेब्रुवारी

चि. बारा-तेरा,

आशीर्वाद. सही बघून बरं वाटलं. दहा-अकराचा पाना मागितला तरी बारा-तेराचा, पक्कड मागितली तरी बारा-तेराचा, चहा मागितला तरी आधी बारा-तेराचा पाना हातात देणारी पोर आज मला गिअरबॉक्सबद्दल विचारते आहे. जग पुढे गेलं म्हणायचं.

रेकॉर्डिंग पाठवू नकोस. मोबाइलमध्ये सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येतात. लिहून पाठव. लिहायचं म्हटलं की माणूस नीट बघतो.

आणि त्या काचेच्या केबिनवाल्याकडे परत जाऊ नकोस. ज्याने नाडी न बघता माणूस मेला म्हणून सांगितलं त्याला डॉक्टर म्हणत नाहीत.

आता ऐक. गाडी सपाट जागेवर लाव, हँडब्रेक ओढ, चाकांखाली विटा घाल. इंजिन सुरू कर, गिअर न्यूट्रलला. दोन्ही पाय जमिनीवर, पेडलच्या आसपाससुद्धा नकोत. तळहात गिअरच्या दांड्यावर नुसता ठेव, धरू नकोस. हाताला काय लागतं? मधोमध लागतं की बोटांच्या टोकांना? मग क्लच अगदी हलका, दोन बोटांच्या वजनाएवढा दाब. तळपायाला काही कळतं का? मग पूर्ण दाब. हाताला लागत होतं ते थांबलं का, आणि लगेच थांबलं की जरा दमाने? पूर्ण दाबून पाच आकडे मोज आणि रिव्हर्स टाक. करकरून गेला की लोण्यासारखा?

ते झालं की शेजारचा छोटा दांडा, फोर-व्हीलचा, मधल्या खाचेत आण. म्हणजे चाकं फिरणार नाहीत. उभ्या गाडीत एकेक गिअर टाकून बघ. हात दांड्यावरच. कुठल्या गिअरला काय फरक पडतो ते ताबडतोब टिपून ठेव, घरी जाऊन आठवून लिहू नकोस. शेवटी बॉनेट उघडून वास घे. क्लचच्या जळक्या पट्ट्याचा येतो की दुसरा कसला?

मला राग आलेला नाही. गाडीखाली झोपायला वय लागत नाही, पाठ लागते, आणि माझी शाबूत आहे. मी बाहेर जातो कारण घरात मामी असते. (हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिहा लिहा, असंच लिहा.)

मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामा,

रविवार होता, अख्खी सकाळ दिली. अंगणात विटा लावल्या, वही मांडीवर घेतली. शेजारचे सुतारकाका कुंपणावरून म्हणाले, “काय गाडीची मुलाखत चाललीय का?” म्हटलं, “हो, आणि ती बोलते आहे.”

न्यूट्रलमध्ये, पाय जमिनीवर : दांड्याच्या मुठीत घरघर. म्हातारा दुपारचा घोरतो ना, तशी, एका लयीत. तळहाताच्या मधोमध मुंग्या आल्यासारखं होतं. बोटांना काही नाही. क्लच हलका दाबला : ती घरघर तशीच, पण वर आणखी एक बारीक चिरचिर सुरू होते, आणि डाव्या तळपायाला बुटातून वाळू लागावी तसं लागतं. क्लच पूर्ण दाबला : घरघर थांबते. लगेच नाही, दोन श्वास जातात. चिरचिर मात्र राहते, उलट वाढते. पाच मोजून रिव्हर्स टाकला, लोण्यासारखा गेला.

छोटा दांडा मध्ये आणला, चाकं गप्प. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्हीत घरघर, दुसऱ्यात सगळ्यात जास्त. चौथ्यात जवळजवळ काहीच नाही! मी तीनदा करून बघितलं. चौथ्यात ही गाडी अजून बाबांच्या वेळची आहे. वास क्लचप्लेटचा नाही, तो मला पाठ आहे. हा फटाक्याच्या दारूसारखा आहे, बॉनेटखाली कमी, दांड्याच्या रबराजवळ जास्त.

ती चिरचिर म्हणजे क्लचमधलं बेअरिंग, एवढं मलाही कळतं, आणि तुमच्या मनात काय येणार तेही. माझा पाय पेडलवर नसतो. तीस वर्षांत एकदाही नाही. तुम्ही माझा बूट दाराला बांधला होतात, लक्षात आहे ना?

तेलाचं म्हणाल तर निश्चिंत राहा. पांढऱ्या ठिपक्याचा बोल्ट मी दर तीन महिन्यांनी उघडून बघते, एकही खेप चुकवलेली नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तर तेल घालावंच लागलेलं नाही. मागच्या वेळी बोल्ट सैल केला तर उलट आतून बोटभर धार बाहेर आली, बाही भिजली. इतकी काठोकाठ भरलेली गाडी, आणि म्हणे खल्लास! मला त्या बोल्टचा अभिमानच वाटतो. तुम्ही रंगाचा डबा घेऊन खाली झोपला होतात आणि म्हणाला होतात, “हा तुझा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.” मी लावला नाही.

तुमची,
बारा-तेरा


२० फेब्रुवारी

गाडी चालवू नकोस. अंगणातून हलवूसुद्धा नकोस.

डबे दोन आहेत. पुढचा मोठा, त्यात गिअर. मागचा छोटा, त्याला चिकटून, चारही चाकांना जोर वाटणारा. दोघांचं तेल वेगळं, बोल्टही वेगळे. ठिपका आहे तो छोट्या डब्याचा बोल्ट. मोठ्याचा डाव्या अंगाला, एक्झॉस्टच्या पाइपामागे, वर. त्याला खूण नाही. हात वाकडा करून घालावा लागतो. गाडी पूर्ण थंड असताना उघड. मग दोन्ही डब्यांचे खालचे बोल्ट काढून तेल वेगवेगळ्या भांड्यांत घे. किती निघालं ते लिही, आणि खालच्या बोल्टांना काय चिकटलंय तेही.

बाकी नंतर.

मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमच्या पत्रात यावेळी ना आशीर्वाद होता ना बारा-तेरा. मी चौदा ओळी चार वेळा वाचल्या आणि मग गाडीखाली गेले. साष्टांग नमस्कार म्हणतात तो बहुधा असाच घालतात, फक्त उताणा.

दुसरा बोल्ट सापडला. त्याच्यावर इतका चिखल वाळलेला होता की तो बोल्ट आहे हेच कळत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या अर्ध्या लिटरच्या नमुन्याच्या बाटल्यांनी मोजलं. मोठ्या डब्यातून अर्धी बाटली. काळं, फटाक्याच्या वासाचं. छोट्यातून साडेपाच. मोठ्याच्या बोल्टला करडा चिखल आणि त्यात कापलेल्या नखासारखे दोन चकचकीत तुकडे.

म्हणजे गाडी गळत नव्हतीच. दोन डब्यांच्या मधलं रबरी सील गेलं असणार, आणि मोठ्यातलं तेल थेंबाथेंबाने छोट्यात जाऊन बसत होतं. पुढचा डबा कोरडा पडत चालला होता, आणि मी मागच्याचा बोल्ट उघडून तो भरलाय म्हणून फुशारक्या मारत होते. म्हणून घरघर. म्हणून चौथ्यात गप्प, कारण चौथ्यात डब्याच्या आत खाली फिरणाऱ्या दांडीवर भार पडत नाही. हे तुमच्याच जुन्या वहीत वाचलं, चित्रासकट.

वर्कशॉपवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “ताई, नुसतं बेअरिंग बदलायला आम्ही एवढं उघडत नाही. परवडत नाही. आणि तुम्ही कशाला त्या काळ्या तेलात हात घालता?” मी म्हटलं, “हात माझे आहेत, धुतले की निघतं.” मामा, मी गिअरबॉक्स खाली उतरवणार. स्वतः. सुतारकाका दोन लाकडी घोडे देणार आहेत, आणि जॅक आहे. तुम्ही हो म्हणा किंवा नाही, पण कसं ते सांगा.

आता दोन गोष्टी. पहिली : इतकी वर्षं तो दुसरा बोल्ट उघडून तेल कोण घालत होतं?

दुसरी लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबले. मी तुमची पत्रं ओळीने मांडून वाचली. पहिल्यात तुम्ही मला सहा प्रश्न विचारलेत. हाताला काय लागतं, पायाला काय कळतं, वास कसला. आवाज कसा येतो असं एकदाही विचारलेलं नाही. तुम्ही, ज्यांना लोक रस्त्यात थांबवून नुसती गाडी सुरू करून दाखवायचे, आणि तुम्ही मान तिरकी करून दहा सेकंदांत सांगायचात. मग मला तीन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. सायलेन्सर मधूनच तुटला होता, गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते, आणि तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, “वा, कशी गुपचूप चाललीय.” आम्ही सगळे पोट धरून हसलो. आम्हाला वाटलं तुम्ही गंमत केलीत. तुम्हीही हसलात, पण आमच्याकडे बघून, जरा उशिरा.

तुम्हाला ऐकू येत नाही ना, मामा?

मी कोणालाही सांगणार नाही. पण ‘बाहेर गेले’ हे आता पुरे झालं.

तुमची,
बारा-तेरा


३ मार्च

बाळा,

हे मी लिहिलंय म्हणून त्यांना कळू देऊ नकोस. तुझं पत्र आल्यापासून धुमसतायत. पहिल्या दिवशी म्हणाले, त्या पोरीला उत्तरच देणार नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पेटी काढून पाने पुसत बसले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दोन डबे एकमेकांना लावून मला गिअरबॉक्स समजावून सांगितला, त्यात माझा साखरेचा डबा गेला.

तीन वर्षं झाली. आधी एक कान, मग दुसरा. मशीन आणलं होतं, एक दिवस लावलं आणि म्हणाले, यात सगळ्या गाड्या एकसारख्या वाजतात, ठेव ते कपाटात. दारावरची घंटा काढून आम्ही दिवा बसवला आहे, कोणी बटण दाबलं की लागतो. मी मोठ्याने बोलते, तर शेजाऱ्यांना वाटतं आमचं रोज भांडण होतं. होतं, पण रोज नाही.

गाड्या दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांना सांगितलं, कंटाळा आला. तुझ्याकडे यायचं नाव काढलं की म्हणतात, जिथे माझ्या कानाला लोक सलाम करायचे तिथे काय बहिरेपण मिरवायला जाऊ? तू लिहिलंस ते बरं केलंस. मला तीन वर्षं धीर झाला नव्हता.

ते लिहितील. त्यांना तुझा गिअरबॉक्स झोपू देत नाही.

मामी


६ मार्च

चि. बारा-तेरा,

होय. बहिरा आहे. ठार. मग?

गाडी कानाने दुरुस्त होते हे कोणी सांगितलं? मी सांगितलं, मान्य. चाळीस वर्षं लोकांना तेच दाखवलं, कारण ते बघायला छान दिसायचं. खरं काम हातच करायचा. मान तिरकी करायचो तेव्हा माझा हात बॉनेटवर असायचा, ते कोणी बघायचं नाही. आता फक्त हात उरला. तुझा तळहात उसना घेऊन मी आठशे मैलांवरून तुझा गिअरबॉक्स तपासला आणि बरोबर तपासला. बहिऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

हे एवढं म्हणायला मला पाच-सहा दिवस लागले, कारण तुझा पहिला प्रश्न जास्त जड होता.

दुसऱ्या बोल्टात तेल मी घालत होतो. वर्षातून दोनदा यायचो तेव्हा चहाच्या आधी गाडीखाली जायचो ना, तुझी आई ओरडायची, तेव्हा. तो बोल्ट एक्झॉस्टच्या पाइपाला लागून आहे. तू सोळा वर्षांची, तुला दम नाही, गाडी गरम असतानाच हात घालणार हे मला माहीत होतं. माझ्या मनगटाला डाग आहे तो तिथलाच. म्हणून ठिपका एकालाच लावला, सोप्याला, आणि तुला सांगितलं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसरा माझा. पोर मोठी झाली की दाखवू, असं ठरवलं होतं. मग तू मोठी झालीस आणि मी दाखवायचं विसरलो. खरं सांगू? विसरलो नाही. तेवढं एक काम माझ्यासाठी उरावं असं वाटायचं. नाहीतर तुझ्याकडे यायला कारण काय?

आणि मग मी यायचं बंद केलं. कानाची लाज वाटली म्हणून. तीन वर्षं तो डबा कोरडा पडत गेला आणि तू माझ्या ठिपक्यावर भरवसा ठेवून डोंगर चढत होतीस. उतारावर गिअरबॉक्स अडकून पडला असता, तर? तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचलं आणि आधी गाडी थांबवायचं लिहिलं. म्हणून आशीर्वाद लिहायचा राहिला. चूक तुझी नाही, बाबांच्या गाडीची नाही. माझी आहे, आणि कानाची तर मुळीच नाही.

पुरे. आता काम. आधी चाकांकडे जाणारे मागचे-पुढचे शाफ्ट सोड आणि खुणा करून ठेव. गिअरबॉक्स मागे ओढताना त्याचं वजन क्लचप्लेटवर एक क्षणही लटकू देऊ नकोस, जॅक खाली हवाच. दोन डब्यांच्या मधलं सील हाताला नखासारखं कडक लागेल, ते गेलेलं. दात एकेक करून बोटाने चाचप, कपची उडाली असेल तर बोट अडकेल. नसेल तर गिअर चांगले आहेत. खालच्या दांडीची दोन्ही बेअरिंगं बदल. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्याला विचार, बेअरिंगवरचा नंबर वाचलास का? गाडीचं नाव सांगू नकोस, नुसता नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. क्लचमधलं बेअरिंगही बदल, आणि जुन्याकडे नीट बघ. मला काही म्हणायचं नाही.

क्लचप्लेट बरोबर मधोमध बसली पाहिजे. सुतारांकडून तिच्या मधल्या भोकाच्या मापाची लाकडी दांडी करून घे, ती घालून प्लेट आवळ, मग दांडी काढ. गिअरबॉक्स परत बसवताना शेवटचं बोटभर अंतर अडेल. सगळ्यांचं अडतं. ठोकू नकोस, रडू नकोस. चौथ्यात टाक आणि डब्याचं मागचं टोक हाताने हळूहळू फिरव. आपोआप आत जाईल.

तपासणीला मी येणार नाही. विचारूसुद्धा नकोस.

मामा


१८ मार्च

ती. मामा,

चार दिवस रजा घेतली. कारणाच्या रकान्यात ‘घरातलं आजारपण’ लिहिलं, ते काही खोटं नव्हे.

गिअरबॉक्स उतरवला. सुतारकाका एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये जॅक. काका म्हणाले, “तुमच्या मामांची पत्रं खिळ्याला लावा, सारखी वर-खाली करू नका.” म्हणून ती शेडच्या दाराला ठोकली आहेत, काळ्या बोटांच्या ठशांसकट. सील कडक होतं, तुम्ही म्हणालात तसंच नखासारखं. दात सगळे चाचपले, एकही कपची नाही. खालच्या दांडीच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला तर त्या माणसाने मागे वळूनही न बघता फळीवरून डबी काढून दिली. म्हणे मिळत नाही!

क्लचमधलं जुनं बेअरिंग मी हातात घेऊन फिरवलं. वाळू. मग पेडलच्या रबराकडे बघितलं. डावी कड गुळगुळीत, झिजून चमकणारी. उजवी कड नवीन असावी तशी. तीस वर्षं माझा पाय तिथेच होता, मामा. गाडी लबाडी करत नाही, मी केली. तुम्ही ‘मला काही म्हणायचं नाही’ म्हणालात तेवढंही पुरेसं लागलं. आता डाव्या बुटाची नाडी मी स्वतःच दाराच्या कडीला बांधते आहे.

बसवताना शेवटचं बोटभर अडलं. ठोकलं नाही. रडले, थोडंसं, काका पाणी प्यायला गेले तेवढ्यात. मग चौथ्यात टाकलं, मागून फिरवलं, आणि तो आत गेला. इतक्या सहज, की मला आधी खरंच वाटेना.

सोळा तारखेला साहेब आले आणि तज्ज्ञ म्हणून कोणाला घेऊन आले असतील? तोच काचेच्या केबिनवाला. त्याने गाडी बघून विचारलं, “ही अजून आहे?” मी म्हटलं, “यावेळी चालू करून बघा.” तो कान लावून उभा राहिला. मी त्याचा हात धरला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. “इथे बघा. कानाने काय कळणार?” म्हटलं. तो हात काढायला विसरला, मामा. मग तिघे वर गेलो, सातव्या झऱ्यापर्यंत. साहेबांनी दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं. वर एका बाईने त्यांना ओंजळीत पाणी दिलं. ते प्यायच्या आधी थबकले आणि मला विचारलं, “चांगलं आहे ना हे पाणी?”

मी म्हटलं, “तेच बघायला मी येते, साहेब. एवढ्याच लोकांसाठी.”

गाडी पास झाली. सहा महिने. सात झरे यादीत राहिले. उतरताना साहेबांनी विचारलं मिस्त्री कोण, तर मी तुमचं आणि माझं अशी दोघांची नावं लिहून घ्यायला लावली. कुठे बसतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, “ते पत्राने दुरुस्त करतात.” बाकीचं सांगितलं नाही. तो शब्द मी पाळला. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगायचं, मान ताठ ठेवून, जसं मला लिहिलंत तसं : बहिरा आहे, मग?

आता एक राहिलं. दोन्ही डब्यांत नवीन तेल घातलं, मोजून. घरघर नाही, चिरचिर नाही. पण दुसऱ्या गिअरला, चढावर, तळहाताच्या कडेला करंगळीच्या मुळाशी काहीतरी लागतं. फार बारीक. मला त्याला नाव देता येत नाही. दोन पानं लिहून फाडली. ते माझ्या हातात मावत नाही, तुमचाच हात लागेल.

आणि दुसऱ्या बोल्टवरचा चिखल खरवडून काढून मी तो लखलखीत केला आहे, पण त्याला ठिपका लावलेला नाही. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश गाडीतच ठेवला आहे. तुम्ही लिहाल, “हात आहेत ना तुला? तूच लाव.” तुम्ही लिहाल, “बहिऱ्या माणसाला एवढा प्रवास कशाला?” तुम्ही लिहाल, “पाने कधीच पेटीत बंद केले.” आणि गल्लीतले लोक दारात येऊन बघतील, हेही तुम्ही लिहाल. बघू देत. मी गाडीखाली झोपते तेव्हाही बघतातच. आता दोघांना एकदम बघू देत.

उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. तरी विचारते. ठिपका लावायला याल?

तुमची,
बारा-तेरा